ओवाळलेला तुकडा

सोलापूरच्या कडेला, एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागं, जनावरांचा सरकारी निवारा आहे. रिक्षावाल्याला ‘निवारा’ म्हटलं तर तो नुसता तोंडाकडे बघतो. ‘कोंडवाडा’ म्हटलं की मुकाट्यानं रिक्षा वळवतो. पूर्वी तिथं मोकाट गुरं असायची, आता निम्म्याहून जास्त कुत्री आहेत. फाटकाशी निळ्या साडीतली एक बाई बसलेली दिसते. ती म्हाळसाबाई. उंचीनं बेताची, आवाजानं मोठी, आणि लोकांच्या मते जरा ‘ह्यातली’. शनिवारी किंवा अमावास्येला कुणी फडक्यात भाकरीचा तुकडा बांधून आलं, की ती आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघते आणि विचारते, “घरात कोन खोकतंय?” निम्मी माणसं तिथूनच मागं फिरतात. बाईच्या अंगात वारं येतं म्हणतात.

वारं-बिरं काही नाही. तिला जे कळलं ते कसं कळलं, तेवढंच सांगायचं आहे. ऐकताना अंगावर काटा आला तर मला बोल लावू नका, माझ्याही आला होता.

आमच्याकडे रीत अशी की घरात कुणी अंथरूण धरलं, औषधाला दाद मिळेना, की त्याच्यावरून भाकरीचा तुकडा उतरवायचा. डोक्यापासून पायापर्यंत ओवाळायचा, आजाऱ्यानं त्यावर तीनदा थुंकायचं, आणि तो नेऊन कुत्र्याला घालायचा. आजार तुकड्यात उतरतो, तुकडा कुत्र्याच्या पोटात उतरतो आणि माणूस उठून बसतो, अशी समजूत. कुत्र्याचं पुढं काय होतं ते विचारायची रीत नाही. गल्लीतली कुत्री धरून निवाऱ्यात नेऊ लागले, तशी माणसं तुकडे घेऊन निवाऱ्याच्या फाटकाशी येऊ लागली. म्हाळसाबाईला फाटकाशी थांबायचीही गरज नव्हती. ती आतच कामाला होती. झाडणं, धुणं, जनावरांना खायला घालणं, सगळं तिच्याकडे.

तिचा नवरा बिरप्पा मूळचा मैंदर्गीकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि संतापला की दोन्ही एकदम. टॉवेलच्या कारखान्यात मागावर त्याचं आयुष्य गेलं. खोकला जुनाच होता. मागावरच्या माणसाला सुताची धूळ चुकत नाही, म्हणून कुणी तो मनावर घेतला नाही. मग संध्याकाळी अंग तापू लागलं. सदरा खांद्यावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबू लागला. सुंठीवाचून खोकला गेला अशी आपल्यात म्हण आहे. इथं सुंठ झाली, अडुळसा झाला, मध झाला, खोकला होता तिथंच.

दवाखान्याचं नाव काढलं की बिरप्पा भिंतीकडे तोंड करायचा. त्याचा धाकटा भाऊ तरुणपणी असाच खोकायचा. कानडीत धाकट्या भावाला ‘तम्मा’ म्हणतात. बिरप्पानं त्याला जन्मभर दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. तम्माला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं आणि तो दारातच गेला. फार उशीर झाला होता, एवढंच त्यातलं खरं. पण दवाखाना आणि तम्माचं मरण यांची बिरप्पाच्या मनात जी गाठ बसली, ती कुणाला सोडवता आली नाही.

बुडत्याला काडीचा आधार. म्हाळसाबाई एकटीच एसटीनं मैंदर्गीला गेली आणि रेवणप्पा नावाच्या जाणत्याला गाठलं. शेताच्या बांधावर लिंबाखाली तो बसला होता. ऊन मी म्हणत होतं. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, मातीत बोटानं काहीतरी रेघोट्या ओढल्या आणि पुसल्या.

“बाहेरचं हाय,” तो म्हणाला. “रोज तुकडा उतरव. पन दहा कुत्र्यास्नी वाटू नगंस. एकच धर. दुपारच्याला, सावली पायाखाली आली की त्याला घाल आनि मागं न बगता चालू लाग. त्ये वाळाय लागलं की समज, लागू पडलं. त्ये वाळंल तसा ह्यो भरंल.”

म्हाळसाबाई उठली, तसा तो मागनं बोलला.

“आनि त्या कुत्र्याला नाव ठिवू नगंस.”

“का ओ?”

“नाव ठिवलं की ते आपलं हुतंय. आपल्या मानसाच्या पोटात कोन इडापिडा घालतंय व्हय?”

निवाऱ्यात तेव्हा नाव नसलेल्या कुत्र्यांचा काही तोटा नव्हता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तिथं पीठ तरी कुणाला पुरेसं मिळत होतं! एकच मोठं आवार, पुढं लोखंडी गज, एकच लांब परात. दांडगी कुत्री आधी खायची, रोगट त्यातच तोंड घालायची, नवीन आलेलं जुन्यांत सोडलं जायचं. कुणा एकाची चूक म्हणता येणार नाही, असंच चालत आलं होतं. त्या गर्दीत राखी रंगाचं, एक कान मधूनच फाटलेलं एक कुत्रं भिंतीकडे तोंड करून बसायचं. भुंकत नव्हतं, शेपूटही हलवत नव्हतं. गाडीतनं कधी आलं, कुठनं आलं, कुणाला आठवत नव्हतं. म्हाळसाबाईनं तेच धरलं. तिनं स्वतःला सांगितलं की ते कोपऱ्यात एकटं असतं, म्हणून सोयीचं. खरं कारण तिला ठाऊक होतं. भिंतीकडे तोंड करून बसायची ती तऱ्हा तिनं घरी रोज बघितली होती.

सकाळी कामाला निघताना ती तुकडा उतरवायची. बिरप्पा कुरकुरत का होईना तीनदा थुंकायचा. ओलसर तुकडा फडक्यात बांधून ती कमरेला खोचायची, आणि दुपारी, पत्र्यावर उन्हाचा कडकड आवाज होऊ लागला की, ते फडकं सोडायची. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट व्हायची. एरवी पावलाची चाहूल लागली तरी आवार डोक्यावर घेणारी ती सगळी कुत्री गप्प व्हायची. अंग चोरून बाजूला सरायची. तिच्यासाठी वाट व्हायची, थेट त्या कोपऱ्यापर्यंत. उपाशी कुत्री, हातात भाकरी, आणि एकही पुढं यायचं नाही. फक्त ते राखी कुत्रं भिंतीकडचं तोंड फिरवून तिच्याकडे वळायचं, तुकडा हातातनं अलगद घ्यायचं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करायचं. म्हाळसाबाई मागं न बघता निघायची. ती फाटकाशी पोचेपर्यंत आवारात चिटपाखरू नसल्यासारखं शांत असायचं.

आणि उतारा लागू पडला! काही आठवड्यांत कुत्र्याच्या फासळ्या दिसू लागल्या. घरी बिरप्पा पोळीभाजी मागून घेऊ लागला, दारात खुर्ची टाकून बसू लागला. म्हाळसाबाईला आनंद झाला, आणि त्या आनंदाला एक कुसळ होतं. ते कुत्रं तिच्यावर रागावत नव्हतं. ते वाट बघत होतं. दिवसभरात त्याच्याकडे येणारं माणूस ती एकटीच होती.

एका दुपारी ती पाठमोरी होऊन चालू लागली आणि मागनं खोकला ऐकू आला. दोन तुटक, मग एक लांब, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर. तिच्या हातातली बादली खाली पडली. हा खोकला ती रोज अंथरुणाशेजारी ऐकत होती. बिरप्पा इथं आलाच कसा, असंच तिला आधी वाटलं. मागं बघायचं नाही ही अट विसरून तिनं वळून बघितलं. कुत्रं पुढचे पाय पसरून, मान खाली घालून खोकत होतं. खोकून झाल्यावर ते डाव्या कुशीवर लवंडलं. बिरप्पाही डाव्याच कुशीवर लवंडायचा. उजवीवर त्याला दुखायचं.

त्या सुमारास एका रविवारी बिरप्पा जेवून आडवा झाला होता, तो दचकून उठला.

“पिंजऱ्यात हुतो गं,” तो म्हणाला.

“कुनाच्या पिंजऱ्यात?”

“म्हाईत न्हाय. गज हुतं. समोरनं तू भाकरी घिऊन आलीस. मला लई बरं वाटलं. पन तू माजं नावच घेतलं न्हाईस, म्हाळसा. टाकलीस आनि गेलीस.”

तिनं त्याला कुठलं कुत्रं, काय, काही सांगितलेलं नव्हतं. “तापात दिसतंय कायबी,” म्हणून ती चुलीकडे वळली, पण त्या दिवशी तिला भाकरी थापता येईना.

पुढं निवाऱ्यात नवी डॉक्टर आली, ऋतुजा. वयानं लहान, पण आल्या दिवसापासून तिनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. आवारात जाळ्यांचे कप्पे पाडून घेतले. नवीन आलेलं जनावर आधी वेगळ्या ओळीत, आजारी तर टोकाच्या खोलीत, धडधाकट असेल तरच इतरांत. परात गेली, प्रत्येकाला आपापलं भांडं आलं. धुताना पाणी निरोग्यांकडून आजाऱ्यांकडे ओढायचं, उलटं नाही. आत शिरताना औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे. सतीश म्हणून गाडीवर ड्रायव्हर होता, तो म्हणाला, “मॅडम, देवळात तरी पाय धुवून एवढं कोन जातंय?” डॉक्टर म्हणाली, “देवाला जंत होत नाहीत, सतीशदादा.” मग तोही मुकाट्यानं पाय बुडवू लागला.

आणि तिनं प्रत्येक कप्प्यावर नावाची पाटी लावायला सांगितली. नंबर नको म्हणाली. नंबर मेला तर कुणाला काही वाटत नाही. नावं ठेवायचं काम म्हाळसाबाईकडे आलं आणि ती त्यात रंगून गेली. एका मस्तवाल कुत्र्याला तिनं कोतवाल केलं, एक सदा भांडणारी कुत्री हौसाक्का झाली, बत्ताशा, सरपंच, चिंगळी, वकील. त्या राखी कुत्र्याच्या कप्प्याशी आल्यावर मात्र तिनं खडू खाली ठेवला.

“ह्याचं असू द्या तसंच,” ती म्हणाली.

“का, मावशी?”

“सुचंना झालंय. बगू नंतर.”

त्याची पाटी कोरी राहिली. रांगेत एक कोरी पाटी, आणि जाता-येता तिची नजर नेमकी तिच्यावरच जायची.

निवारा मात्र पालटला. अंगावर खपल्या असलेल्या कुत्र्यांना केस आले. रोज एखादं मरतुकडं गाडीत घालून न्यावं लागायचं, ते थांबलं. डॉक्टर दर आठवड्याला सगळ्यांना काट्यावर उभं करायची, आणि सगळ्यांचं वजन वाढत होतं. एक सोडून. पूर्वी सगळीच वाळत होती, तेव्हा एक वाळतंय हे कुणाला दिसलं नसतं. आता कोऱ्या पाटीखालचं ते कुत्रं उठून दिसू लागलं. जंताचं औषध झालं, सलाईन झालं, अंडी झाली. खाल्लेलं अंगाला लागतच नव्हतं.

“हे असं का करतंय?” डॉक्टर म्हणायची. “जे जे मी याच्यात घालते, ते दुसरंच कुणीतरी खाऊन टाकतंय असं वाटतं.”

ती सहज म्हणाली. म्हाळसाबाईनं कमरेचं फडकं पदराखाली झाकलं.

शेवटी डॉक्टरनं त्याच्या छातीचा एक्स-रे काढला. तो बघून तिनं मानेतल्या गाठीतलं थोडंसं काढून पुण्याला तपासायला पाठवलं, आणि कुत्रं त्याच्या कोऱ्या पाटीसकट टोकाच्या खोलीत हलवून कुलूप घातलं. किल्ली तिच्याकडे राहिली. बाहेरचा एक घासही कुठल्याच जनावराला घालायचा नाही, असा दम सगळ्यांना भरला गेला.

म्हाळसाबाईचा तुकडा कमरेला तसाच राहिला. पहिल्या दिवशी तिनं तो सूतगिरणीच्या बाभळीखाली टाकला. दुसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात बिरप्पा दारातल्या खुर्चीतनं उठून पुन्हा अंथरुणाला लागला, आणि एका सकाळी थुंकला तो तुकड्यावर लाल ठिपका उमटला. दोघांनीही तो बघितला. बिरप्पानं नजर काढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता तिच्या डोक्यात शंकेला जागाच उरली नाही. तिकडं कुत्र्याला औषधं घालतायत, इकडं नवरा सुकतोय. तराजूचं एक पारडं वर गेलं की दुसरं खाली येणार! त्या पोरीच्या पाया पडावं, तिला सांगावं की बाई, तुझ्या हाताला यश आहे पण माझं कुंकू पुसायला निघालीस. पण हे सांगणार कसं? जिवंत कुत्र्याला रोज कण-कण मारतेय, असं कुठल्या तोंडानं सांगणार? तिला स्वतःची शिसारी आली. तरी त्या दुपारी ती तो लाल ठिपक्याचा तुकडा घेऊन टोकाच्या खोलीच्या मागच्या खिडकीशी गेली. माया माणसाला काय काय करायला लावते, त्याला धरबंध नाही.

निवाऱ्यातली कुत्री गप्प झाली. आपापल्या कप्प्यात, आपापल्या नावाखाली, पोटभर जेवलेली सगळी कुत्री उभी राहून तिच्याकडे बघत होती. खिडकीच्या जाळीपाशी ते राखी कुत्रं आधीच येऊन बसलं होतं. तिनं फडकं सोडलं.

“मावशी, ते देऊ नका.”

डॉक्टर आत, कुत्र्याच्या शेजारीच होती. तोंडाला मास्क, हातात मोजे. तिच्या आवाजात राग नव्हता.

“रिपोर्ट आलाय,” डॉक्टर म्हणाली. “याला क्षयरोग आहे, टीबी. आणि तो जनावरांतला नाही, माणसातला आहे. माणसाकडूनच येतो. आज सकाळपासून मी विचार करतेय, या कुत्र्याच्या इतकं जवळ कोण जातंय. कुणावरून ओवाळलाय हा तुकडा?”

म्हाळसाबाई मटकन खाली बसली. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे डॉक्टर आणि कुत्रं. तिनं सगळं सांगितलं. मैंदर्गीचा बांध, थुंकी, नाव न ठेवायची अट, खोकला, सपान. सांगताना ती कुत्र्याकडे बघत नव्हती. बोलणं संपल्यावर डॉक्टरनं त्या कुत्र्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला.

“मावशी, मी तुम्हाला खोटं म्हणणार नाही,” ती शेवटी म्हणाली. “गेलाय. तुमच्या मालकांचा आजार खरोखरच याच्यात गेलाय.”

“मग त्यास्नी उतार का न्हाय?” म्हाळसाबाई ओरडलीच. “ह्याच्यात आला तर तितनं जाया नगं का?”

“एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिला विझतो का?”

इतके दिवस म्हाळसाबाई आग एका घरातनं काढून दुसरीकडे टाकतेय असं समजत होती. ती फक्त दुसरं घर पेटवत होती.

“पण एक सांगते,” डॉक्टर म्हणाली. “यानं सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं, आणि तुमच्या मालकांना काय झालंय ते कुणालाच कळलं नसतं. आता गोळ्या आहेत. बरं होतं हे. आजच न्या त्यांना, आत्ताच. मी येते बरोबर.”

बिरप्पा दवाखान्याला नाही म्हणाला, भिंतीकडे वळला, कानडीत शिव्या दिल्या. मग म्हाळसाबाईनं त्याला कुत्र्याचं सगळं सांगितलं. तो हळूहळू भिंतीकडनं वळला.

“म्हंजी पिंजऱ्यातला त्यो खरा हुता?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“त्येला काय म्हनतीस तू?”

“कायबी न्हाय. नाव न्हाय त्याला.”

बिरप्पा उठला आणि अंगात सदरा घालू लागला.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. म्हाळसाबाईलाही तपासलं, ती निघाली ठणठणीत. निवाऱ्यातल्या बाकी जनावरांवर डॉक्टरनं डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली, पण आणखी कुणाला काही झालं नाही. त्या कुत्र्यानं ते दुखणं कुणाला दिलं नव्हतं. कोपऱ्यात एकटं बसायची त्याची खोड सगळ्यांच्या कामी आली.

त्याचं स्वतःचं मात्र फार पुढं गेलं होतं. ते उठेनासं झालं. बिरप्पाच्या अंगात चार पावलं टाकण्याइतका जोर आला, तसा तो म्हणाला, मला त्याला बघायचंय. डॉक्टरनं आधी नाही म्हटलं, मग मास्क लावून, जाळीच्या बाहेरूनच, या अटीवर हो म्हटलं.

बिरप्पानं त्या कुत्र्याला कधी पाहिलं नव्हतं आणि कुत्र्यानं त्याला. तो जाळीपाशी उभा राहिला. दिवसांमागून दिवस न हललेलं ते कुत्रं थरथरत उठलं, भिंत सोडून जाळीपर्यंत आलं, आणि ज्या शेपटीची हालचाल त्या निवाऱ्यात कुणी पाहिली नव्हती ती हलवू लागलं. धनी परगावाहून आल्यासारखं! सतीश म्हणाला, वास ओळखला असणार, रोज तुकड्यात तोच वास यायचा ना. बरोबरच आहे त्याचं. पण हे बोलताना तो जाळीपासून दोन पावलं मागं सरला होता.

बिरप्पाला खोकला आला. दोन तुटक, एक लांब. तो संपला आणि कुत्र्याला आला. दोन तुटक, एक लांब. मग दोघं एकमेकांकडे बघत तसेच उभे राहिले.

“बा, तम्मा,” बिरप्पा म्हणाला. ये, धाकट्या. “बा.”

कुत्रं जाळीला अंग टेकवून डाव्या कुशीवर लवंडलं.

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाईनं सकाळी भाकरीचा एक तुकडा वेगळा काढला. अंगवळणी पडलं होतं, जित्याची खोड म्हणा. दुपारी तिनं डॉक्टरकडून खोलीची किल्ली मागून घेतली, मास्क बांधला, आत जाऊन कुत्र्याशेजारी बसली आणि त्याच्यावरून तो तुकडा उतरवला. फाटक्या कानापासून शेपटीपर्यंत, तीनदा. डॉक्टर दारात उभी होती, तिनं अडवलं नाही. उतरवून झाला. आता घालायचा कुणाला?

ती तुकडा घेऊन बाहेर आली. दोन्ही बाजूंना कप्पे, प्रत्येकावर पाटी. कोतवाल, हौसाक्का, बत्ताशा, चिंगळी. सगळी नावं तिनंच ठेवलेली. कुत्र्याचा आजार कुणावर उतरवायचा, हे रेवणप्पानं सांगितलं नव्हतं, कुणाच्याच बापजाद्यांनी सांगितलं नव्हतं. निनावी असं त्या सबंध निवाऱ्यात एकही राहिलं नव्हतं. ती त्या रांगेत उन्हात उभी राहून रडली. रडून झाल्यावर परत आत गेली, तर कुत्रं गेलेलं होतं. तुकडा तिनं त्याच्याबरोबरच पुरला, आणि कोऱ्या पाटीवर खडूनं नाव लिहिलं.

त्याला आता दोन उन्हाळे झाले. बिरप्पाच्या गोळ्यांचा सगळा कोर्स झाला, तो भरला, आता दारात बसून शेजाऱ्यांची भांडणं सोडवतो. एक गोष्ट मात्र आहे. आडवा व्हायच्या आधी तो अंथरुणावर एकदा गोल फिरतो आणि मग डाव्या कुशीवर पडतो. पूर्वी फिरत नव्हता. म्हाळसाबाई त्याबद्दल त्याला काही विचारत नाही.

‘बाहेरचं खाद्य घालू नये’ अशी पाटी फाटकावर लावून झाली, दंडाची भीती घालून झाली, पण तुकडे यायचे थांबेनात. तेव्हा म्हाळसाबाईनं डॉक्टरला सांगून फाटकाशी आपली खुर्ची टाकली. तुकडा आणणाऱ्याला ती हाकलत नाही. घरात कोण खोकतंय ते विचारते, दवाखान्याचा रस्ता सांगते, आणि एवढं ऐकूनही जो हटून बसतो त्याला आत घेऊन जाते.

परवा एक बाई अशीच आली होती. लेकीवरनं उतरवलेला तुकडा होता. म्हाळसाबाई तिला घेऊन कप्प्यांपुढनं चालू लागली. कुत्री गप्प होती.

“ह्यो सरपंच,” ती सांगत होती. “ह्याला पेरू आवडतोय. ही चिंगळी, ढगाला भिती. ह्यो वकील, ह्याचा पाय आत्ता कुटं बरा झालाय. सांग, कुनाला घालू?”

चालता चालता दोघी टोकाच्या खोलीशी आल्या. तिथं कुणी नव्हतं, फक्त पाटी होती.

“ह्यो तम्मा कुटं हाय?” बाईनं विचारलं.

“ह्यानं खाल्ला हुता एकाचा,” म्हाळसाबाई म्हणाली. “लेकीला घिऊन कवा जातीस दवाखान्यात? आज जातीस? मी येऊ का संगं?”

बाईनं फडक्याची गाठ पुन्हा घट्ट मारली आणि मान डोलावली. म्हाळसाबाईनं सतीशला फाटकाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि चपला घातल्या.